गाठीवरचा हात

भार बांधायला दोन माणसं लागतात, आणि भार उंच झाला की त्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. एक गाडीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. मध्ये पोती, बुधले, हारे, पेटारे, जे काय जायचं असेल ते. अलीकडचा दोर भारावरून फेकतो, पलीकडचा तो झेलून खाली खेचतो आणि गाडीच्या खुंटाला आवळतो. सगळं काम बोलण्यावर. "आला का?" "आला." "ओढ." "धर जरा." "हां, आता आवळ." माझी उमेदीची सगळी वर्षं अशी न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्यात गेली. तो माणूस पुढे माझा मेव्हणा झाला आणि त्यानंच मला बुडवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट लांबवायची मला सवय नाही आणि माझं खरं दुखणं ते नाहीच.

भवानी पेठेच्या टोकाला, वस्ती विरळ होत जायची तिथे, आमचा गाड्यांचा तळ होता. दसऱ्याला श्रीमंतांच्या फौजा बाहेर पडल्या, रस्ते वाळले, की तळाला जाग यायची. नगरच्या वाटेनं जाणारा बराचसा माल आमच्या हाताखालून जायचा. धान्य बांधायला फारशी अक्कल लागत नाही, पोतं आपल्या वजनानं बसतं. अक्कल लागते ती गोल मालाला. तांबटांकडून आलेले हंडे आणि घंगाळं, आणि तुपाचे चामडी बुधले. हंडा एकदा घरंगळायला लागला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बुधला तर बाहेरून सदा ओशट, दोर त्याच्यावर ठरतच नाही. म्हणून हंडे एकात एक घालायचे, मध्ये पेंढा ठासायचा, तोंडं खाली करायची. बुधल्यांच्या माना एकमेकींना बांधायच्या आणि हंड्यांच्या फटींत ते दडपून बसवायचे. मग वरून घोंगडी, घोंगडीवरून दोर.

"माल झोपला पाहिजे," असं आमचे नाईक म्हणायचे. नाईक म्हणजे तळाचा म्हातारा प्रमुख. "गाडी कितीबी हलू दे, झोळीतलं लेकरू जागं होतं का? तसा माल."

नाईकांच्या हातात एक बाभळीची काठी असायची. दोर आवळून झाला की त्यात ती घालून पिळायची, म्हणजे उरलासुरला सैलपणा निघून जातो. अशी पिळकाठी प्रत्येकाकडे होती, पण नाईकांची काठी ही नाईकांची काठी. त्यांच्या आधीच्या नाईकाकडून ती त्यांच्याकडे आली होती. हाताच्या घामानं इतकी गुळगुळीत झाली होती की तिला तेल लावल्यासारखं वाटे. ती ज्याच्या हातात, त्याचा शब्द तळावर शेवटचा. कुठली गाडी कुणी बांधायची, कुणाला जोडीला घ्यायचं, कुणाला तळावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, सगळं तो ठरवणार.

तळाचे दोन नियम होते आणि ते कुणी लिहिलेले नव्हते. पहिला असा की ज्या दोघांनी भार बांधला त्यांच्यातल्या एकानं त्या भारावर बसून पहिली नदी ओलांडायची. माल बुडाला तर बांधणाराही बुडेल, म्हणून तो नीट बांधेल, इतका सरळ हिशोब. आमच्या बाजूची पहिली नदी म्हणजे संगमाच्या खाली येरवड्याचा उतार. पावसाळ्यानंतर बरेच दिवस तिथे गाडी पाण्यातून जात नसे. भोई दोन होड्या जोडून वर फळ्या टाकत, त्या सांगडीवर भरलेली गाडी चढवत आणि बैल वेगळे नेत. भारावर मीच बसायचो. मला पोहता येत होतं. मुठेच्या काठाला वाढलेलं पोर मी, चालायच्या आधी पोहलो असेन.

दुसरा नियम फेऱ्याचा. भार बांधून झाला की दोघांनी गाडीभोवती फेरा मारायचा आणि जोडीदाराच्या प्रत्येक गाठीवर हात ठेवायचा. ओढून पाहायची, हलवून पाहायची. आणि एकदा हात ठेवला की ती गाठ तुझी. ज्याचा हात शेवटचा, त्याची गाठ. बांधली कुणी हे नंतर कुणी विचारत नसे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा. नाहीतर दर वेळी गाठ सुटली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, आणि त्या भांडणाचा निकाल ब्रह्मदेवालाही लावता येणार नाही.

पण नियमाला माणसं आपली रीत चिकटवतात. नव्या जोडीदाराची गाठ ओढून पाहायची, जुन्याची नाही. जुन्याच्या गाठीवर हात नुसता टेकवायचा, देवाच्या पायरीला टेकवतो तसा, आणि पुढे जायचं. ओढून पाहिली तर त्याचा अर्थ, माझा तुझ्यावर भरवसा नाही. आमच्या तळावर याच्याहून मोठी शिवी नव्हती. एकदा एकानं आपल्या जुन्या जोडीदाराची गाठ सगळ्यांदेखत ओढून पाहिली. त्या जोडीदारानं आपला दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि निघून गेला, तो परत तळावर आलाच नाही.

माझा जोडीदार तळावर आला तेव्हा पहिल्या हंगामात मी त्याची प्रत्येक गाठ ओढली. घट्ट असायची. दुसऱ्या हंगामातही ओढली. मग एका सकाळी, का कुणास ठाऊक, मी हात नुसता टेकवला. त्याच्या ते लक्षात आलं. दुपारी भाकरी सोडली तेव्हा त्यानं आपल्यातला अर्धा कांदा मोडून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून त्याची गाठ मी कधी ओढली नाही आणि माझी त्यानं ओढली नाही.

माझ्या बहिणीसाठी तोच मुलगा मी पाहिला. आई गेली तेव्हा ती रांगत होती. मी तिला कडेवर घेऊन तळावर यायचो आणि रिकाम्या हाऱ्यात, त्या मोठ्या टोपलीत, बसवून कामाला लागायचो. तिला चांगलं घर मिळावं याहून मोठी इच्छा मला नव्हती. ज्याच्या गाठीवर मी डोळे मिटून बसत होतो त्याच्याहून चांगला माणूस मला कुठे मिळणार होता? माझी बायको म्हणाली, "गाठ घट्ट बांधतो म्हणजे माणूस चांगलाच असतो असं कुठाय?" बायकोच्या बोलण्याला मी हसलो. लग्न झालं. शनिवार पेठेत एका सरदाराच्या पागेमागच्या खोल्यांत तिचा संसार सुरू झाला. मी त्याला रीतीप्रमाणे "पाव्हणं" म्हणायला लागलो, तो तिच्यासारखा मला "दादा" म्हणायला लागला. कामावर मात्र आवाज तोच. "आला का?" "आला."

एक गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात आली नाही, ती सांगायला हवी. तळावर सगळे मला बांधणारा म्हणत आणि त्याला पलीकडचा. "बांधणारा आला का? मग पलीकडच्यालाही बोलवा." नाईकही असंच म्हणत. त्यात कुणाच्या मनात काही नव्हतं, मी जुना, दोर मी फेकायचो, एवढंच. पण इतकी वर्षं पलीकडचा म्हणून हाक ऐकताना माणसाच्या पोटात काय साठत असेल ते भाराच्या अलीकडून दिसत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही दोर, घोंगड्या, पिळकाठ्या मांडून पूजा केली. पूजा झाल्यावर नाईकांनी आपली काठी उचलली आणि सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवली. "धरून बघ," म्हणाले. "माझे गुडघे गेले. दिवाळीचा माल निघाला की ही तुझ्याकडं." मग परत घेतली. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी खाली मान घालून नुसता दोराचं टोक चाळवत बसलो. मेव्हण्यानं पाठीवर थाप मारली. "आता आमचं काय, दादा नाईक झाले. आता पलीकडं कोण उभं राहणार?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

पाडव्याच्या दिवशी बहीण माझ्या घरी आली. दरवर्षी भाऊबीजेला मी संध्याकाळी तिच्याकडे जायचो, दिवसभराचं काम उरकून. या वर्षी ती म्हणाली, "दादा, उद्या सकाळीच ये. सकाळीच ओवाळते."

"उद्या वाघोलीच्या पुढच्या देवळाचा माल निघायचाय," मी म्हणालो. "हंडे आणि तूप. भारावर मला बसायला हवं."

"हे बसतील की. ह्यांनीच सांगितलंय." तिनं माझा हात धरला. "एक दिवस तर ऐक माझं. वर्षातून एकदा."

तिचा हात गार होता. मला वाटलं, वाऱ्यातून चालत आली म्हणून. मी हो म्हणालो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. बहीण एवढं धरून बसली आणि मेव्हणा माझ्या जागी भारावर बसायला तयार झाला, म्हणून मी स्वतःला नशीबवान समजलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही भार बांधला. देवळाच्या उत्सवातल्या पंगतींचे मोठे तांब्याचे हंडे आणि तुपाचे बुधले, म्हणजे गोल माल, वर गोल माल. मी जीव ओतून रचला. नाईकांची काठी हातात येण्याआधीचा हा शेवटचा भार, हे मनात होतं. दोर टाकला. "आला का?" "आला." "ओढ." "धर जरा." "आवळ." सगळं नेहमीसारखं. मग फेरा. मी त्याच्या बाजूला आलो. दोराची टोकं त्यानं पेंढ्यात खोचून ठेवली होती, नीटनेटकी. मी पुढच्या गाठीवर हात टेकवला, मागच्या गाठीवर हात टेकवला, आणि म्हणालो, "पाव्हणं, सांभाळून बसा."

"तुम्ही पोटभर जेवा," तो म्हणाला.

मी शनिवार पेठेकडे निघालो, म्हणजे नदीच्या उताराकडे पाठ करून गावाच्या दुसऱ्या टोकाला. बहिणीनं घर सारवून रांगोळी काढली होती. पाट मांडला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, सगळं केलं होतं. आधी ओवाळायचं, मग जेवायचं, ही रीत. पण ती ओवाळायला उठेना. "निरांजन मिळत नाही," म्हणाली. मग "वात नीट पेटत नाही." शेवटी ओवाळलं तेव्हा कुंकू कपाळाच्या मध्याऐवजी भुवईवर लागलं. मी थट्टा केली, "नवरा भारावर बसला म्हणून हात थरथरतोय होय?" ती हसली नाही.

मग तिनं वाढायला सुरुवात केली. माझं पान रिकामं होऊच देईना. एक पोळी संपली की दुसरी, दुसरी अर्धी असतानाच तिसरी. मी हात आडवा धरला तर हात बाजूला करून तूप ओतलं. "अगं, खायला घालून मारतेस का मला?" मी म्हणालो. "जातो आता, उतारावर एक चक्कर टाकतो." "एवढी आमटी घे." "जातो." "ताक तरी पी." मी परत बसलो. इतक्या प्रेमानं मला आईनंही कधी वाढलं नसेल, असं मला वाटलं. आजही त्या पोळीची चव मला आठवते, आणि आठवली की तोंड कडू होतं.

मी ताक पीत होतो तेव्हा तळावरचा एक गाडीवान धापा टाकत दारात आला. "भार सुटला! सांगडीवरून गाडी नदीत गेली! नाईकांनी बोलावलंय."

मी ताटावरून तसाच उठलो. बहीण वाढायची पळी हातात घेऊन उभी होती. तिनं ती हळूच खाली ठेवली. मी हात न धुता पळालो.

उताराशी पोचलो तर जत्रा भरली होती. माणूस बुडालं नव्हतं. गाडी वाहत येऊन उथळ पाण्यात एका चाकावर कलंडून पडली होती. हंडे तळाला गेले होते, बुधले मात्र तरंगत निघाले होते, आणि सणाच्या नव्या धोतरांतली माणसं त्यांच्यामागे पाण्यात उड्या मारत होती. पुण्याच्या माणसाला तोंड देवानं दिलंय आणि संधी मुळा-मुठेनं. "आज नदीचीच भाऊबीज," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अहो घाई नका करू, ती अजून जेवतेय." मला बघून तिसऱ्यानं विचारलं, "आपणच बांधलं होतंत वाटतं? वा. सुंदर."

मेव्हणा कमरेपर्यंत भिजून नाईकांपुढे उभा होता. त्याला खरचटलंदेखील नव्हतं. सांगडीचा म्हातारा भोई सांगत होता, "ह्ये भारावर नव्हतं बसल्यालं. माझ्यापाशी हुभं हुतं, मागल्या अंगाला. नायतर हंड्याखाली मेलं असतं." मी ते ऐकलं आणि देवाचे आभार मानले. बहिणीचं कुंकू शाबूत राहिलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. भारावर बसायचा पहिला नियम त्यानं मोडला, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

नाईकांनी विचारलं, "कुणाची बाजू सुटली?"

मेव्हणा पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी. खोटं कशाला बोलू? गाठ मीच बांधली होती." मग त्यानं डोळे पुसले. "पण दादांनी हात ठेवला होता."

नाईक माझ्याकडे वळले. "ठेवला होतास?"

"ठेवला होता."

"ओढून पाहिली होतीस?"

सगळ्या तळाला ठाऊक होतं की जुन्या जोडीदाराची गाठ कुणी ओढत नाही. नाईकांनाही ठाऊक होतं. आपल्या जोडीदाराची गाठ त्यांनी तरी कधी ओढली होती का? पण प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर एकच होतं. "नाही," मी म्हणालो.

"नियम माझा न्हाई," नाईक म्हणाले, "तळाचा हाय." आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. काठी दिवाळीनंतर मेव्हण्याकडे गेली. त्यानं नाईक झाल्यावर पहिला हुकूम काय काढला असेल? यापुढे प्रत्येकानं जोडीदाराची प्रत्येक गाठ ओढूनच पाहायची. लोकांनी त्याचं कौतुक केलं. माणूस अनुभवातून शिकला, म्हणाले.

मला कुणी तळावरून हाकललं नाही. नुसतं माझ्या पलीकडे कुणी उभं राहीना. एकट्यानं भार बांधता येत नाही. दोर टाकून "आला का?" विचारलं आणि पलीकडून उत्तरच आलं नाही, तर माणूस किती दिवस उभा राहील? मी धान्याच्या बाजारात डोक्यावर पोती वाहायला लागलो. पोतं एकट्याला उचलता येतं.

वर्षभर मी स्वतःलाच खात राहिलो. सुरगाठ होती का? दोर कुजका होता का? मी नुसता जरा हिसका दिला असता तर? झोपेतही बोटं दोर ओढायची, असं बायको सांगते. मेव्हण्याचा मला राग येत नव्हता. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, नाही का? हात माझाच होता. बहीण वर्षात एकदाही आली नाही. मला वाटलं, भावाची नामुष्की झाली म्हणून लाजत असेल. तिला तोंड दाखवायची मलाही लाज वाटत होती.

पुढची दिवाळी आली. वसुबारसेला बायको पणत्या धूत बसली होती. मी पुन्हा तेच दळण दळत होतो, गाठ, हात, फेरा. तिनं पणती पुसता पुसता विचारलं, "गाडीवान आला तेव्हा वन्सं काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? काही नाही."

"नवऱ्याचं विचारलं नाही त्यांनी?"

मी नकाराची मान हलवली.

"नवरा भारावर बसलाय, भार नदीत गेला म्हणून माणूस सांगत आला, आणि बाई विचारत नाही की माझा नवरा कुठाय?" बायकोनं पणती खाली ठेवली. "मी तर रस्त्यावर धावले असते."

मला ती पळी दिसली. किती हळू ठेवली होती तिनं, आवाजसुद्धा केला नव्हता. मग एकेक आठवायला लागलं. गार हात. न पेटणारी वात. भुवईवर गेलेलं कुंकू. आमटी, तूप, ताक. मी उठतो म्हटलं की नवं काहीतरी वाढणं. त्या दिवशी मी अंगणात जाऊन बसलो, तो जेवायलाही आत आलो नाही.

भाऊबीजेला मी गेलो. सकाळीच गेलो. मेव्हणा तळावर होता. बहिणीनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि पाट मांडायला लागली. तिनं स्वयंपाक केलेला होता. कदाचित मी येईन म्हणून, कदाचित नवऱ्यासाठी.

मी पाटावर बसलो. "तुला माहीत होतं," मी म्हणालो.

तिनं चुलीकडे वळून लाकूड पुढे सारलं. मग बोलली. सुरगाठ होती. टोक पेंढ्यात लपवलं होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर ते ओढायचं ठरलं होतं. आदल्या आठवड्यात त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं त्याचे पाय धरले.

"म्हटलं, काय करायचं ते करा, पण दादाला भारावर बसवू नका. तेवढं त्यांनी ऐकलं माझं." ती माझ्याकडे वळली. "तुझा जीव वाचवला मी, दादा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हे गेले असते. तळावरून, गावातून, सगळीकडून. मग मी कुठं जाणार होते?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोघांतलं एक जण बुडणारच होतं. मला वाटलं, तू निघशील. तू कशातूनही पोहून निघतोस."

मेव्हण्याला मी त्या क्षणी मनातल्या मनात दहा वेळा नदीत ढकललं. पण त्याचा राग सोपा होता. त्याला पलीकडून काठी हवी होती, त्यानं ती घेतली. हिला मी हाऱ्यात बसवून वाढवलं होतं. तिच्याकडच्या जेवणाला मी हात लावला तो जुन्या गाठीला लावतो तसा, न ओढता. आणि तिनं मला त्या पानावर बांधून ठेवलं, नदीचं काम पुरं होईपर्यंत. मला तिचा राग आला, इतका आला की मी रडलो. तिच्यासमोर रडलो, याचाही मला राग आला.

ती निरांजन घेऊन आली. या वेळी वात लगेच पेटली. मी उठून जाऊ शकत होतो. गेलो नाही. तिनं ओवाळलं, कुंकू बरोबर कपाळाच्या मध्यावर लावलं, आणि पान वाढायला घेतलं. मी पानावर हात आडवा धरला.

ती थांबली नाही. तव्यावरची पोळी तिनं माझ्या हातावरच वाढली. पोळी गरम होती, मला चटका बसत होता, आणि ती उलथनं हातात धरून वाट बघत उभी होती. मी हात काढला नाही.